तीनच्या खेळाचा शेवट

आधी तो आवाज यायचा आणि मग मैत्रिणी. एसटीडी बूथच्या मागच्या खोलीत, प्लायवूडच्या आडोशापलीकडे, मोडेम नंबर फिरवू लागे. सुरुवातीला टिकटिक, मग एक लांब शिट्टी, मग पत्र्यावरून कुणी खुर्ची ओढत न्यावी तशी खरखर, आणि त्या खरखरीच्या तळाशी अंधारात एकमेकांना चाचपणारे दोन सूर. ते जुळले की एकदम शांतता होई आणि बूथमालक समाधानानं मान डोलावत उदबत्ती आधी देवाला आणि मग संगणकाला ओवाळी.

दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या दुपारी गडचिरोलीत सगळीकडे तळणाचा वास होता. माझ्या बोटांनाही ओव्याचा आणि भाजणीचा वास चिकटलेला असे, आणि तो तसाच कळफलकावर उतरे.

"ताई, हात पुसून बसत जा," बूथमालक फडकं पुढे करून म्हणे. "कालपासून एक बटण दाबलं का दाबलेलंच राह्यते."

आम्ही तिघी नागपूरला एम.ए.च्या वर्गात होतो, वसतिगृहात एकाच खोलीत राहत होतो आणि तिघींचाही विशेष विषय कविता होता. सुट्टीसाठी बसस्थानकावर निरोप घेताना आम्ही अशा रडलो होतो की एका कंडक्टरनं कोण गेलं म्हणून विचारलं. तिथेच ठरलं की रोज दुपारी, दुकानांत गर्दी नसते तेव्हा, तिघींनी आपापल्या गावातून एकाच वेळी गप्पांच्या खिडकीत यायचं. एक होती वरोऱ्याची. तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान होतं आणि हिशेबासाठी घेतलेला संगणक दुपारी तिच्या ताब्यात येई. त्या वर्षी रमजान आणि दिवाळी हातात हात घालून आले होते, त्यामुळे दुकानात दोन सणांची गर्दी आणि तिच्या पोटात काहीच नाही, अशी तिची अवस्था होती. दुसरी आलापल्लीची, वनखात्यातल्या वनपालाची मुलगी. तिच्या गावातला संगणक लाकडाच्या डेपोसमोरच्या दुकानात होता आणि तिथली लाईन स्वतःच्या मर्जीनं येई-जाई. तिचं वाक्य कधी पूर्ण होईल याची खात्री कुणालाच नसे.

काव्यशास्त्र आम्ही खोलीत सोडून आलो होतो. पडद्यावर त्या दोघी थेट घरच्या बोलीत उतरत.

"रोजा कसा चाललाय?" मी विचारी.

"बाजूच्या काकूनं अनारसे पाठवले," वरोऱ्याहून उत्तर येई. "म्हणे, संध्याकाळी खाजो. सकाळपासून मी त्यायच्याकडे पाहून राह्यली अन् ते माझ्याकडे."

"आमचा आकाशकंदील वानरांनी नेला," आलापल्ली कळवी. "बल्बसकट."

"मंग लावला का त्यायनं झाडावर?" वरोऱ्याहून प्रश्न येई.

"नाई वं. वायर पुरली नाई."

आणि मग सिनेमा. वरोऱ्याची सगळे सिनेमे नागपुरात पाहून मोकळी झालेली असे. ती कथा सांगे ती पार्श्वसंगीतासकट, म्हणजे मध्येच 'ढॅण्ण' असं टंकून थांबे. मात्र तिचा एक नियम होता. शेवट सांगायचा नाही. "शेवट सांगितला तर माझा रोजा तुटन," असं ती त्या दिवसांत म्हणे. एरवी दुसरी काहीतरी शपथ असे. आलापल्लीची एकही सिनेमा पाहत नसे, कारण तिथला व्हिडिओ हॉल केव्हाच बंद पडला होता. पण प्रत्येक सिनेमाविषयी तिचं मत मात्र ठाम असे.

त्या सुट्टीत मी त्या दोघींपेक्षा एक पायरी वर चढले होते. चंद्रपूरच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी माझ्याकडून चित्रपटाचं परीक्षण मागितलं होतं. वडिलांची त्यांच्याशी जुनी ओळख; तरी मागितलं होतं, हे खरं. छापील कागदावर माझं नाव प्रथमच येणार होतं. वडिलांनी पेपरवाल्याला जास्तीचे अंक आणायला सांगून ठेवले होते आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला फराळाच्या ताटाबरोबर ही बातमीही वाढत होती.

परीक्षणासाठी मी आमच्या टॉकीजमध्ये आलेला चित्रपट पाहिला. नागपूरहून तो गावात पोचेपर्यंत काही महिने गेले होते आणि झिजलेल्या रिळांमुळे पडद्यावर सतत बारीक पाऊस पडत होता. सोबत आत्या होती. चामोर्शीच्या पलीकडच्या एका खेड्यातून ती दिवाळीसाठी आमच्याकडे राहायला आली होती, आणि तिच्या आग्रहावरून आम्ही तीनच्या खेळाला गेलो. लहानपणापासून मी घरच्यांबरोबर नेहमी रात्रीच्याच खेळाला जात आले होते. तीनचा खेळ खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांचा. हॉलमध्ये भाजलेल्या शेंगांचा, नव्या कपड्यांच्या खळीचा आणि डोक्याला चोपडलेल्या तेलाचा वास कोंडला होता.

कथा एका बाईची होती. नवरा परागंदा झालेला, वडिलांची स्मृती गेलेली, आणि ती वर्षानुवर्षं वाट पाहते आहे. शेवटी एका संध्याकाळी दारावर थाप पडते. ती उठते, पदर सावरते, कडीवर हात ठेवते. कॅमेरा त्या हातावर थांबतो. बांगडी किंचित हलते. आणि अंधार.

दिवे लागले. 'समाप्त'ची पाटीसुद्धा नाही. लोक एक शब्द न बोलता उठले आणि भराभर बाहेर पडले. मी ओढणीनं डोळे पुसत होते. आत्या माझ्याकडे पाहत होती.

त्या रात्री मी परीक्षण लिहिलं आणि सकाळी पाकीट चंद्रपूरच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिलं. पोचल्याचा निरोपही आला. अंक रविवारी निघायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी छपाईसाठी पानं लागायची होती. त्या शुक्रवारी दुपारी मी जरा रुबाबातच खिडकीत आले आणि मैत्रिणींसाठी परीक्षणातले निवडक उतारे टंकू लागले.

"दिग्दर्शक दार उघडत नाही. तो आपल्याला उंबरठ्यावर सोडून निघून जातो. शब्द जिथे संपतात तिथे..."

"थांब," वरोऱ्याहून आलं. "कडीवर हात ठेवते. अन् मंग?"

"मग काही नाही. तेच तर सौंदर्य आहे."

"काहीच नाई?"

"अंधार. मौन. प्रेक्षकसुद्धा निःशब्द उठले. मी लिहिलंय, 'काहींची पावलं इतकी त्वरेची होती, जणू डोळ्यांतलं पाणी लपवायला माणसं पळत होती.'"

पडद्यावर बराच वेळ काही उमटलं नाही. मला वाटलं, तिलाही भरून आलं.

"अन् मिरचीचं गोदाम?" तिनं विचारलं.

"कसलं गोदाम?"

"मले वाटलंच होतं गोदाम असन," आलापल्ली मध्ये पडली.

"तू सिनेमा पाहिलेला नाहीस!"

"म्हून का गोदाम नसन?"

"बाई, मी माझा नियम मोडून राह्यली आज," वरोऱ्याची टंकत होती. "अल्ला माफ करो. ती दार उघडते. दारात उभा असते तो..."

पंखा मंदावला, संगणकानं एक सुस्कारा सोडला आणि पडदा काळा झाला.

"लोडशेडिंग," बूथमालक पलीकडून म्हणाला. "आता चार वाजता येईन लाईट."

मी घरी पळाले. आत्या मागच्या अंगणात चौरंगावर करंज्यांच्या कडा कातत होती. कातण्याची करकर आणि ओल्या खोबऱ्याचा गोड वास, असा सगळा सुखाचा देखावा होता.

"आत्या, परवा सिनेमा संपला होता का?"

"कुठी संपला?" ती मान वर न करता म्हणाली. "एसटी आली ना."

"एसटीचा काय संबंध?"

"अवं, आमच्याकडची शेवटची गाडी साहाले सुटते. खेळ उशिरा सुरू झाला का तो टॉकीजवाला शेवटची रिळं लावतच नाई. गाडी चुकली तं माणसं राह्यतीन कुठी? पिक्चर काय, बाजाराच्या दिवशी बाराच्या खेळाले गेलं का दारापाशी उभं राहून शेवट पाहू देते तो. फुकट. आमच्या गावात सगळे असेच पाहतेत. आधी कापूस इकतेत, मंग शेवट पाहतेत."

माणसं निःशब्द का उठली, हे मला एका क्षणात उमगलं. त्यांना खिडकीजवळची जागा धरायची होती.

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू रडून राह्यली होती," आत्या म्हणाली. तिनं एक करंजी ताटात ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मले वाटलं, पोरगी रमली. काऊन हलवायचं?"

चार वाजता मी बूथमध्ये होते. मोडेमच्या खरखरीत तेव्हा कुठलाच सूर ऐकू येत नव्हता. दोघी खिडकीत आधीच येऊन बसल्या होत्या, आणि आलापल्लीच्या लाईननं त्या दिवशी कधी नव्हे ती साथ दिली होती. वरोऱ्याच्या मैत्रिणीनं मग सगळं सविस्तर सांगितलं. दारात नवरा नसतोच. खलनायक असतो. त्याच्या मागोमाग नवरा, आणि त्याच्या मागोमाग नवऱ्याचा जुळा भाऊ, ज्याचा तोवर कुणी उल्लेखही केलेला नाही. मारामारी थेट मिरचीच्या गोदामात जाते. ढॅण्ण. पोती फुटतात. लाल धुरळा उडतो. नायक शिंकतो, खलनायक शिंकतो, पोलीस येऊन शिंकतात. आणि त्या सगळ्यांत बाईच्या वडिलांना एक जबरदस्त शिंक येते आणि त्यांची स्मृती परत येते.

"मंग ती गोदामाचं दार उघडते," तिनं टंकलं, "अन् बाहेर बर्फ."

"बर्फ?"

"गाणं आहे ना. सगळे पिवळ्या कपड्यात."

ज्याला मी मौन म्हटलं होतं, तिथे दोन रिळं भरून माणसं शिंकत होती. छापील कागदावर प्रथमच उमटणारं माझं नाव त्या शिंकांखाली येणार होतं, आणि गडचिरोली-चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत हा सिनेमा बाजाराच्या दिवशी शेवटापर्यंत पाहिलेली माणसं भरपूर होती.

"आत्ताच फोन कर," वरोऱ्यानं हुकूम सोडला. "परत माग. नाई तं लोक तुले रस्त्यात पाहून शिंकतीन."

"काऊन?" आलापल्ली चिडली. "हिचाच शेवट बरा आहे. मी पाहीन तं हिचाच पाहीन."

"तू कोणताच पाहत नाई!"

"म्हून तं मले निवडता येते."

"फोन कर बाई," वरोऱ्याहून पुन्हा आलं. "इफ्तारीच्या आत सांगजो काय झालं ते. नाई तं आज खजूरही गिळणार नाई माझ्यानं."

मी प्लायवूडच्या पलीकडे जाऊन फोनच्या काचेच्या खोक्यात शिरले. आत आधीच्या माणसाच्या खर्‍याचा, तंबाखू-चुना-सुपारीचा उग्र वास होता. चंद्रपूरला घंटी वाजली आणि संपादकांचा जाड, प्रसन्न आवाज आला.

"बोला! तुमचंच वाचून राह्यलो होतो. काय लिहिलं बाई! आमचा छापखान्यातला जुळारी हसून हसून पडला."

"हसून?"

"तं काय! मिरचीच्या पिक्चरवर इतकं तोंड सांभाळून कोणी लिहिलं नाई आजवर. गोदामाचा एक शब्द नाई, अन् म्हणता 'मौन'! 'डोळ्यांतलं पाणी लपवायला माणसं पळत होती'! अवं, मिरचीनं आलेलं पाणी! वा. पहिल्या पानावर घेऊन राह्यलो. पुढंही असंच टोमण्याचं लिहीत चला."

काचेवर माझा श्वास उमटला आणि विरला. एक होकार दिला असता तर मी त्या संध्याकाळी विदर्भातली एक नामांकित विनोदी लेखिका होऊन घरी गेले असते. वडिलांचे जास्तीचे अंक सार्थकी लागले असते. पलीकडच्या पडद्यावर दोघी वाट पाहत होत्या. आणि का कोण जाणे, मला ती बांगडी आठवली, तिचं ते किंचित हलणं. तो टोमणा होता असं म्हणणं मला जमेना.

"भाऊ," मी म्हटलं, "तो टोमणा नाही. मी तीनच्या खेळाला गेले होते. एसटी आली म्हणून त्यांनी शेवटची रिळं लावलीच नाहीत. मला वाटलं, सिनेमा तिथेच संपतो. मी ते सगळं मनापासून लिहिलं आहे."

मग पलीकडे खुर्ची करकरली, ते उठून कुठेतरी खर्रा थुंकून आले असावेत, आणि परत आलेला आवाज निराळा होता.

"म्हणजे गोदाम तुम्ही पाहिलंच नाई?"

"नाही."

"बर्फही नाई?"

"आज दुपारी कळलं. वरोऱ्याच्या मैत्रिणीनं सांगितलं."

"अन् कडीवर हात ठेवला तेव्हा..." ते थांबले. त्यांच्या मागे छापखान्यातलं यंत्र सुरू असल्याची धडधड ऐकू येत होती आणि कुणीतरी त्यांना मोठ्यानं विचारत होतं की पान लावू का. "तेव्हा तुम्हाला रडू आलं?"

"हो," मी म्हटलं. "आलं."

यंत्राची धडधड तशीच चालू राहिली. आता ते माझ्यावरच हसतील या भीतीनं मी रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला होता, पण हसू आलं नाही. ते म्हणाले,

"छापतो."