चौतीस खिडक्या

किल्लेदारांकडे किल्ला कधीच नव्हता. होत्या त्या किल्ल्या. सरकारी बंगल्याच्या, एकोणचाळीस, एका लोखंडी रिंगेत ओवलेल्या. एवढं ओझं कमरेला लटकवून माणूस एकतीस वर्षं चालला की तो उजवा पाय जरा फेकत चालायला लागतो. त्या चालीवरून लोकांनी नाव पाडलं, आणि नावावरून नव्या माणसाला वाटायचं, कुणीतरी रुबाबदार गृहस्थ असणार. प्रत्यक्षात ते बंगल्याचे रखवालदार. साहेब बदलत, बाईसाहेब बदलत, पडदे बदलत, रखवालदार तोच.

काम ऐकायला सोपं. सकाळी बंगला उघडायचा, संध्याकाळी मिटायचा. पण बंगला म्हणजे काही छत्री नव्हे. खिडक्या चौतीस. प्रत्येकीला आत काचेची दारं, बाहेर लाकडी झडपा, वरखाली मिळून सहा कड्या. वरच्या कड्या स्टुलावर चढल्याशिवाय हाताला लागत नसत. छत सोळा फूट उंच. तिथली जळमटं काढायला दोन काठ्या एकमेकींना बांधाव्या लागत, आणि निम्मी जळमटं थेट किल्लेदारांच्या डोळ्यांत उतरत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. तेही लावायचं उंचावरच, आणि तोवर त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झालेला. डॉक्टर म्हणाले, "या हाताला आता आराम द्या." गेली चार वर्षं किल्लेदार तो हात मांडीवर ठेवून बसत होते, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

आणि अशात मुलाने घर बांधायला काढलं.

मुलाचं टायरचं दुकान होतं आणि ते बरं चाललं होतं. रस्त्यालगत त्याने जागा घेतली. इथवर सगळं ठीक होतं. पण त्याला घर हवं होतं ते बंगल्यासारखं. तश्शाच कमानी, तसाच व्हरांडा, तशाच उंच खिडक्या. हा वाढला बंगल्यामागच्या आउटहाऊसमधे. बंगल्यात पाय टाकायची त्याला बंदी. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून आतल्या खोल्या जेवढ्या दिसल्या तेवढ्या दिसल्या, बाकीच्या त्याने मनानेच बांधल्या.

"बाबा, तुमचा किती जीव होता त्या बंगल्यावर!" तो म्हणाला. "खिडक्या उघडताना शीळ घालायचात. मला अजून ऐकू येते."

किल्लेदारांनी चहाच्या कपात पाहिलं. शिळेबद्दल सांगण्यासारखं बरंच होतं. पण पोरगा बापासाठी घर बांधतोय म्हटल्यावर बापाने तोंड कोणत्या बाजूला वाकडं करायचं?

मुलगा दुकानात गेल्यावर बायकोने विषय काढलाच. "अहो, सांगून टाका ना एकदा."

"काय सांगू?"

"उंच छत नुसतं बघितलं तरी खांदा ठणकतो म्हणून."

"तो म्हणेल, कामाला माणूस ठेवू."

"आणि तो माणूस पंधरा दिवसांत पळेल, आणि मग हे स्टूल घेऊन निघतील."

"हे कोण?"

"हे म्हणजे तुम्ही! मला काय दुसरे 'हे' आहेत?"

किल्लेदारांच्या मनात वेगळाच डाव होता. मुलाचं घोडं अडलं होतं ते आर्किटेक्ट नेमायचा की नाही यावर. ठेकेदार म्हणत होता, "आर्किटेक्ट कशाला? बंगल्याचा फोटो द्या, तस्सा उभा करतो." त्यावर मुलाने वडिलांचं मत विचारलं, तेव्हा किल्लेदार इतक्या उत्साहाने ठेकेदाराच्या बाजूने बोलले की बायको स्वयंपाकघरातून डोकावून बघायला आली. उत्साहाचं कारण साधं होतं. असल्या ठेकेदाराच्या हाती सोळा फुटांचं छत दिलं की बांधून होईपर्यंत ते दहावर येतं, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. चौतीस खिडक्यांच्या अकरा होतात, आणि त्यातल्या चार कायमच्या गच्च बसतात. गच्च बसलेली खिडकी रोज उघडावी लागत नाही. जन्मभर ज्या हलगर्जीपणावर ते चरफडले, त्याच्यावरच आता त्यांची सगळी भिस्त होती.

पण सूनबाई म्हणाली, "एकदा आर्किटेक्टशी बोलून तर बघा. मला स्वयंपाकघरात उजेड हवाय, आणि ठेकेदाराला उजेड म्हणजे ट्यूबलाइट." झालं. पुढच्या रविवारी आर्किटेक्टबाई घरी आल्या. पन्नाशीच्या, पायात कापडी बूट, पिशवीत टेप.

मुलाने फोटो पुढे ठेवले. बाईंनी ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, "सुंदर आहे. पण या खिडक्या रोज उघडणार कोण?"

"बाबा आहेत ना," मुलगा कौतुकाने म्हणाला. "त्यांना आवडतं ते."

आत बायकोच्या हातून झाकण पडलं. पडलं की आपटलं, ते तिलाच ठाऊक. बाईंनी किल्लेदारांकडे पाहिलं. किल्लेदारांनी आपल्या उजव्या हाताकडे.

"मी आत्ता हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही," बाई मुलाला म्हणाल्या. "आधी बंगला दाखवा. मला मापं घ्यायचीत. आणि तुम्ही एकदा तो स्वतः उघडून बघा. मग मला नेमायचं का, ते ठरवू."

किल्लेदारांच्या जागी आलेल्या रखवालदाराने हे ऐकलं आणि किल्ल्या अशा काढून दिल्या की जणू ठणकणारी दाढच काढली कुणीतरी. बंगला त्या आठवड्यात रिकामाच होता. "घ्या हो, पुण्य लागेल," म्हणून तो आउटहाऊसमधे आडवा झाला.

दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर मुलगा क्षणभर थांबला. छत्तीस वर्षांचा, रोज ट्रकची चाकं उचलणारा गडी, पण पाय पुसून आत गेला. मग स्टूल घेतलं आणि लागला कामाला. पहिल्या खिडकीला हसला. दुसरीत बोट चेमटलं. पाचवीपर्यंत सदरा पाठीला चिकटला. नववी उघडून तो स्टुलावरच बसला.

"बाबा, हे रोज?"

"रोज."

"दोनदा?"

"उघडल्या की मिटाव्या लागतात. त्यातून सुटायची सोय अजून निघालेली नाही. वारा सुटला तर मधे आणखी एकदा."

"पण मग तुम्ही शीळ कशी काय घालायचात?"

किल्लेदारांना वाटलं, आता बोलावं. लपवायलाही जोर लागतो, आणि तोही उरला नव्हता.

"एका बाईसाहेबांच्या खोलीत मी झडप उघडली. त्या झोपल्या होत्या, दचकून किंचाळल्या. दुसऱ्या दिवसापासून हुकूम सुटला, आत शिरताना आवाज करत या. आधी खोकून पाहिलं. तर म्हणाल्या, याला कसला रोग तर नाही ना? मग शीळ. बाईसाहेब बदलल्या, पण हुकूम बदलायचा राहून गेला."

मुलाने चेमटलेल्या बोटावर फुंकर घातली. "मला वाटायचं तुम्ही खुशीत असता."

"तुला तरी बरं वाटत होतं ना? तेवढंच."

"मग हे सगळं मी बांधतोय कुणासाठी?"

"स्वतःसाठी. त्यात वाईट काय आहे? तू फटीतून बघायचास तेव्हा दार मी लावायचो. हुकूम साहेबांचा होता, पण हात माझाच की."

तेवढ्यात बाई पलीकडच्या खोलीतून टेप गुंडाळत आल्या. "काका, तुमची खोली कशी हवी?"

एकतीस वर्षांत किल्लेदारांना लोकांनी किल्ली कुठाय विचारलं, दूध का नासलं विचारलं, वीज कधी येणार हेही विचारलं, जशी काही ती त्यांच्या खिशात होती. हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा होता. ते विचार करून म्हणाले, "छत असं, की जळमट साध्या झाडूने निघावं. आणि खिडकी एकच. ॲल्युमिनियमची, सरकवायची. एका बोटाने सरकली पाहिजे."

मुलगा ताडकन उठला. "बाबा! जुन्या धाटणीच्या घराला ॲल्युमिनियम? बाहेरून कसं दिसेल?"

"मी काय बाहेर उभा राहून बघणार आहे? मी आत झोपणार."

"मागच्या बाजूला खोली घेतली तर रस्त्यावरून दिसणार नाही," बाईंनी सुचवलं.

"मागेच घ्या," किल्लेदार म्हणाले. "मागची सवय आहे."

ते सहज बोलून गेले. पण मुलाचा चेहरा एकदम उतरला. आतल्या बाजूला स्वयंपाकघराचं दार होतं, त्याच्यापलीकडे आउटहाऊस. त्या दाराकडे बघत तो म्हणाला, "मागे नाही. पुढेच. मुख्य दाराच्या शेजारी."

"म्हणजे ऐन कमानींच्या रांगेत ती खिडकी?" बाईंनी कपाळाला हात लावला. "ठेकेदाराला विचारलंत तर तो हो म्हणेल. तो सगळ्यालाच हो म्हणतो. मी स्पष्ट सांगते, वाईट दिसेल. कमीत कमी वाईट कसं दिसेल, एवढं मी बघू शकते."

"मग तुम्हीच बघा," मुलगा म्हणाला. "कधीपासून सुरू करता?"

बाईंनी वही उघडली. मुलाने स्टूल उचललं. उघडलेल्या नऊ आता मिटायच्या होत्या. किल्लेदारांचं पाऊल सवयीने पुढे पडलं.

"बसा तुम्ही," मुलगा म्हणाला आणि वर चढला.

बसा म्हटलं खरं, पण कुठे? दिवाणखान्यात खुर्च्या आठ होत्या. त्यांनी पुसलेल्या सगळ्या, बसून पाहिलेली एकही नाही. किल्लेदारांनी एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली, मग दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकले, आणि पोरगा वरची कडी उलटी फिरवतोय हे दिसत असूनही गप्प राहिले.