साठ वॅटची आई

आमचा दादा हॉस्पिटलात श्वास मोजायच्या मशीनवर कामाला होता. पेशंट निपचित पडून नळीत श्वास सोडायचा, मशीन त्याच्या अंगातली उष्णता वॅटमध्ये दाखवायचं आणि दादा त्यावरून त्याला दिवसाला किती किलोकॅलरी लागतात ते काढायचा. एका वॅटला एकवीसला जरा कमी, हे त्याला झोपेतसुद्धा पाठ.

एकदा त्याने आईलाही तिथे नेऊन मोजलं. साठ वॅट, म्हणजे बाराशे चाळीस. त्या दिवसापासून तिचं ताट काट्यावर तोलून वाढलं जाऊ लागलं. अहो, हा आकडा पडून राहिलेल्या माणसाचा! आई तर उठल्यापासून धुणीभांडी उपसत होती. मी तसं म्हटलं तर खेकसला, "तुला काय कळतं यातलं?" मी मूग गिळून गप्प बसले. ते पाप माझंही आहे.

उपाशी अंग थंडावतं. पुढच्या महिन्यात आईचे पन्नास वॅट भरले. "बघ, तिची गरजच कमी झालीये," म्हणत दादाने भात कमी केला. मग पंचेचाळीस. मग चाळीस. त्यानंतर मोजायला आई उरलीच नाही.

आता दादा लकवा मारून अंथरुणाला खिळलाय. वहिनी त्याच काट्यावर तोलून त्याला भरवते. परवा तो डोळ्यांनी आणखी मागत होता. मला राहवलं नाही. "वहिनी, याला कधी मोजलंस तू?"

"घरात मशीन कुठंय?" चमचा पुसत ती म्हणाली. "सासूबाईंचा शेवटचा आकडा आहे ना."