बिगरबत्तीचा खटला

माझ्या मायच्या नावानं कोर्टाचं समन्स आलं तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. घरात आम्ही दोघीच. बाप मी लहान असतानाच गेला आणि तेव्हापासून चार बांध्यांची, म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी अडवलेल्या चार खाचरांची, धानाची शेती मायच बघायची. नांगराला तेवढा गडी लावायची, बाकी सारं स्वतः. रेंगीसुद्धा स्वतः हाकायची. रेंगी म्हणजे आमच्याकडची दोन-तीन माणसांची हलकी बैलगाडी. बाईमाणूस कासरा धरून बसते म्हणून लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली.

त्या दिवशी आम्ही लाखनीच्या बाजारातून परतत होतो. दिवस बुडून थोडा वेळ झाला होता. मोठ्या रस्त्यावर ट्रक एकामागून एक धावत होते. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याला आमची रेंगी दिसलीच नाही. अगदी जवळ आल्यावर त्यानं ब्रेक मारला आणि ट्रक तिरपा होऊन थांबला. कोणाला काही लागलं नाही. पण पुढच्या वळणावर पोलीस उभे होते, ते चालत आले.

"गाडीले कंदील काहून नाही?" एकानं विचारलं.

"गाव जवळच हाये जी. बैलायले रस्ता माहीत हाये," माय म्हणाली.

"बैलायले माहीत हाये, ट्रकवाल्याले माहीत हाये काय?"

त्यानं नाव, गाव लिहून घेतलं, मायचा अंगठा घेतला आणि जाऊ दिलं. आम्ही ते विसरूनही गेलो. दीड-दोन महिन्यांनी कोतवाल समन्स घेऊन आला तेव्हा आठवलं.

गावात ज्याला त्याला यातलं सारं कळत होतं. कोणी म्हणे गाडी जप्त होते, कोणी म्हणे आठ दिवस आत बसवतात. मी मायला सांगत होते की किरकोळ दंड होईल, पण ती ऐकून घ्यायची आणि गप्प बसायची. रात्रीचं जेवण तिनं दोन दिवस टाकलं. मला वाटलं, कोर्टाला भ्याली.

तारखेच्या आधी आम्ही तालुक्याला मुन्शीजींकडे गेलो. ते वकील नव्हते, अर्जनवीस होते. कोर्टाच्या कंपाउंडाबाहेर सतरंजी टाकून बसायचे, मांडीवर फळी घ्यायचे आणि त्यावर लोकांचे अर्ज, जबाब, छोट्या दाव्यांचे कागद लिहायचे. ज्यांना वकील परवडत नाही किंवा ज्यांच्या कामाला वकिलाची गरजच नाही, असे सारे त्यांच्याकडे. समोर येऊन बसलेल्या माणसाला ते पहिला प्रश्न एकच विचारायचे, "जेवून आले काय?" उपाशी माणूस उलटसुलट सांगतो आणि अर्ज बिघडतो, असा त्यांचा अनुभव होता. माय जेवली नव्हती. त्यांनी तिला आधी समोरच्या हॉटेलातून आलूबोंडा आणून खायला लावला, मग समन्स वाचलं.

"बिगरबत्तीचा मामला हाये बाई. याले वकील कायले पायजे? नाव पुकारलं का आत जायचं. साहेब विचारतीन, गुन्हा कबूल हाये का. हो म्हणायचं, दंड भरायचा, पावती घ्यायची. बारा वाजता तुमी घरच्या रस्त्याले लागल्या असान."

मायनं विचारलं, "कबूल म्हंजे सारं कबूल करा लागते का जी?"

"सारं म्हंजे काय? बत्ती नव्हती एवढंच." मुन्शीजी हसले. मीही हसले. तिच्या प्रश्नाकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

तारखेच्या दिवशी मुन्शीजी स्वतः आम्हाला दारापर्यंत घेऊन आले. आमच्या आधी एक मारामारीची केस चालू होती. साक्षीदारांना शपथ देत होते, "ईश्वरसाक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." एकानंतर एक असे तीन साक्षीदार झाले. तिन्ही वेळा माय ओठ हलवत ते शब्द म्हणत होती. मला वाटलं, आपल्यालाही म्हणावे लागतील म्हणून पाठ करते आहे.

मग तिचं नाव पुकारलं. ती कठड्यात जाऊन उभी राहिली. साहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "बैलगाडीला दिवा नव्हता. गुन्हा कबूल आहे का?"

"हो जी. कबूल हाये."

साहेबांनी लिहिलं, दंड सांगितला. शिपायानं तिला खाली उतरायची खूण केली. ती उतरली नाही.

"दुसराबी सांगाचा हाये जी," ती म्हणाली.

साहेबांनी वर बघितलं.

"दुष्काळाच्या साली पोळ्याच्या दिवशी शेजाऱ्याच्या बांधीचा धुरा मीनं फोडला. तलावाच्या पाण्याची पाळी त्याची होती. सारं गाव बैलं घेऊन तोरणाखाली होतं तवा मीनं त्याचं पाणी माया बांधीत घेतलं. त्याचं धान वाळलं. त्यानं दावा केला तो दुसऱ्याच माणसावर. त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याले भरून द्या लागलं. त्याचा बैल गेला."

हे सारं ती एका दमात बोलली, न थांबता, न रडता. मी भिंतीला टेकून उभी होते. आजूबाजूची माणसं आमच्याकडे बघत होती ते दिसत होतं, पण त्यांची तोंडं मला ओळखू येत नव्हती. ज्या शेजाऱ्याबद्दल ती बोलत होती तो दोन वर्षांपूर्वी वारला होता. आणि ज्याच्यावर दावा लागला त्याला मी काका म्हणत होते. आमच्या घरापासून तिसरं घर त्याचं.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, ते आज माझ्यापुढे नाही. आज फक्त दिव्याचं प्रकरण आहे."

"मंग ते कोणापुढे सांगाचं जी?"

त्यांनी शेजारी बसलेल्या कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं मान खाली घातली. पुढच्या केसचा पुकारा झाला.

बाहेर आलो तर मुन्शीजी व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. दारातून त्यांनी सारं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा असा उतरला होता की मला आधी वाटलं त्यांना चक्कर आली.

"तो दावा मीनं लिहिला होता," ते म्हणाले. "तुमच्या शेजाऱ्याचा. मायाच हातचा. ज्याच्यावर दावा केला त्याच्या बांधीच्या बाजूनं धुरा फुटला, पाणी त्याच्याबी शेतात गेलं, पयलेपासून दोघायचं भांडण होतं, सारं मुद्देसूद लिहिलं मीनं. साहेबानं तारीफ केली होती कागदाची."

माय त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुमचा दोष नाही जी. तुमाले सांगतलं तसं तुमी लिहिलं."

"आता काही होत नाही बाई," ते म्हणाले. "निकालाले वर्षं झाली. अपिलाची मुदत गेली. कोर्टात आता याचं काही होत नाही."

दंड मीच भरला आणि पावती घेतली. मायला तर कुठली खिडकी तेही दिसत नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर ती रेंगी हाकत होती आणि मी मागे बसले होते. तिच्या पाठीकडे बघताना मला एकेक आठवत गेलं. त्या पोळ्याला मी दहा-अकरा वर्षांची होते. तोरणाखाली बैल बघून घरी आले तेव्हा मायचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं. विहिरीवर पाय घसरला, असं ती म्हणाली होती. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी पुरणपोळी खाल्ली होती. आणि काकाचा एक बैल विकला गेल्यावर दर हंगामात आमच्या तीन बैलांतला एक ती त्याच्या गोठ्यात नेऊन बांधायची, त्याच्या उरलेल्या बैलाला जोड म्हणून. भाडं घेत नसे. दुसरे लोक बैलाच्या बदल्यात बैल मागायचे, ही काहीच मागत नसे. गावात बाया म्हणायच्या, विधवा आहे पण मन केवढं मोठं. मला त्याचा अभिमान होता. शाळेत मी ते सांगितलंही होतं.

"काहून बोलली तू तिथं?" मी विचारलं.

"साहेबानं इचारलं," ती म्हणाली. "सात वर्षांत कोणी इचारलंच नव्हतं. साऱ्यायले वाटे, कोणी केलं ते आपल्याले माहीतच हाये."

गावापर्यंत मी तिच्याकडे पाठ करून बसले.

तिनं रेंगी घरी नेली नाही. काकाच्या अंगणात थांबवली. काका नांगराचं जू ठीक करत बसला होता. काकी दारात तांदूळ निवडत होती. माय खाली उतरली आणि उभ्याउभ्याच सांगितलं, कोर्टात सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. मी रेंगीतून उतरलेच नाही. मला वाटत होतं तो ओरडेल, हातातलं फेकेल. तो उठला, गोठ्यात गेला आणि आमचा बैल सोडून घेऊन आला. नांगरणी अर्धीच झाली होती, त्याची अर्धी जमीन तशीच पडली होती. कासरा त्यानं मायच्या हातात दिला नाही, रेंगीच्या दांडीला बांधला.

"घेऊन जाय," तो म्हणाला.

काकी मात्र मायकडे बघत राहिली. "सणावाराले तू माया घरी जेवली," ती म्हणाली. एवढंच. मायला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा.

पुढचे आठ-दहा दिवस घराबाहेर पडणं कठीण झालं. विहिरीवर मी गेले की बाया बोलणं थांबवायच्या. करडी गावात माझी सोयरीक जुळत आली होती. तिकडून निरोप आला की यंदा लग्नाचा विचार नाही. मायनं तो निरोप ऐकला आणि चुलीपुढे बसून राहिली. मला तिची दया आली नाही. माझ्या मनात एकच होतं, हिला गप्प बसता येत होतं, सात वर्षं बसलीच होती.

मायनं धान द्यायचं ठरवलं. एका बांधीचं येणारं सारं पीक काकाला द्यायचं, दरसाल, त्याचा बैल फिटेपर्यंत. ती हे सांगायला जाणार तोच काका स्वतः आला. ओसरीवर बसला नाही.

"मले तुयं धान नको," तो म्हणाला. "कागदानं मले चोर केलं. कागदानंच साव कर."

पुन्हा आम्ही मुन्शीजींकडे गेलो. या वेळी तिघं, एकाच रेंगीत. मुन्शीजींनी सारं ऐकून घेतलं आणि फळी माझ्या पुढ्यात सरकवली.

"मी सांगतो, तू लिही," ते मला म्हणाले. "याच्याबद्दल मायाकडून एकदा लिहून झालं."

मी लिहायला बसले. पहिला कागद खराब झाला. "मी खाली अंगठा करणार," असं सुरू करून मुन्शीजी वाक्य वाक्य सांगत गेले. कुठेही त्यांनी शब्द मऊ केला नाही. 'चुकून' असं मी लिहिलं होतं तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि ते मला खोडायला लावलं. मायनं अंगठा केला. काकाला वाचता येत नव्हतं, पण तो कागद त्यानं उलटसुलट करून बराच वेळ बघितला.

"गावात वाचा लागन," तो म्हणाला.

त्या आठवड्यात ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. दुष्काळाच्या साली ज्यांनी काकाच्या विरुद्ध साक्षी दिल्या होत्या तेही होते. मुन्शीजी तालुक्याहून सायकलनं आले होते आणि मागे उभे होते. मला वाटलं ते वाचतील. काकानं कागद माझ्या हातात दिला. मी वाचायला लागले. माझ्या आईचं नाव, तिनं काय केलं, कधी केलं, त्याचा दोष कोणावर आला. मान वर न करता मी शेवटपर्यंत वाचलं. साक्ष देणाऱ्यांतला एक म्हातारा उठून जाऊ लागला तेव्हा काका म्हणाला, "बस. माया बायकोले नीट ऐकू आलं नाही. पोरी, पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं.

काकानं आमचा बैल नंतर कधी घेतला नाही. त्या वर्षी त्याची अर्धी जमीन पडीत राहिली. दोन वर्षांनी त्यानं गोऱ्हा घेऊन वाढवला. पाण्याच्या पाळीबद्दल तो मायशी बोलायचा, शेताच्या धुऱ्यावर उभा राहून, कामापुरतं. काकी बोलली नाही ती नाहीच. मायनं कधी तशी अपेक्षाही केली नाही. माझं लग्न उशिरा झालं, सानगडीला. तिथं सासरच्यांना मी पहिल्याच भेटीत हे सारं स्वतः सांगितलं. सांगताना माझी मान खाली गेली होती. माझे सासरे ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "तुया मायले भेटाचं हाये मले." ते गेले, दिवसभर तिच्याकडे बसले आणि लग्नाची तारीख धरूनच उठले; काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही.