सोमवारची थाप

दुसरीच्या ताईंचं विज्ञान म्हणजे गोष्टी. सोमवारी गोष्ट सांगायची, तिच्यात मुद्दाम एक थाप घालायची आणि शुक्रवारपर्यंत मुलांनी खटपट करून ती पकडायची. पकडली की पोरं वर्ग डोक्यावर घ्यायची. या खेळाचं गुपित वरच्या वर्गात गेल्यावरही कुणी फोडायचं नाही, असा नियम होता, आणि कार्टी तो इमानाने पाळत.

मोठ्या माणसांत हे ठाऊक होतं फक्त ताईंच्या मावसबहिणीला. तिला शाळेत चिकटवलं ताईंनीच, वर्षभर मागच्या बाकावर बसवून शिकवलंही ताईंनीच. तिचा डोळा दुसरीच्या वर्गावर आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मेली माया आंधळी, दुसरं काय!

वर्ष नुकतंच सुरू झालेलं, पोरं नवी. पहिलीच गोष्ट झोपाळू वालाची: सूर्याने हाक मारल्याशिवाय तो उगवतच नाही. मुलांनी ओल्या फडक्यात वाल बांधले. काही खिडकीत ठेवले, काही बंद कपाटात.

तपासनीस आठवडाभर शाळेत होते. कुठला वर्ग कधी दाखवायचा, हे मावसबहिणीच्या हातात. दुसरी तिने दाखवली नेमकी मंगळवारी आणि बी कसं उगवतं ते विचारा, असंही तिनेच सुचवलं. मुलांनी एका सुरात सूर्याची हाक सांगितली. साहेबांच्या कपाळाला आठ्या. ताईंनी खेळ समजावून सांगितला, तर ही सारवासारव वाटून ते मावसबहिणीकडे वळले. तुम्ही यांच्या वर्गात वर्षभर बसलात म्हणे, हा खेळ खरा का?

"मला तर असलं काही दिसलं नाही, साहेब," ती म्हणाली. ताईंकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

घरचीच ती, तिचं लग्नसुद्धा ताईंनी अंगावर घेऊन लावलेलं! बुधवारी वर्ग तिला मिळाला आणि ताईंची रवानगी सामानाच्या खोलीत झाली.

शुक्रवारी ताई नकाशे झटकत होत्या, तोच दुसरीची मुलं दारात आली. पुढच्या मुलीच्या हातात कपाटातलं फडकं होतं आणि अंधारातल्या वालांना चांगले लांब मोड फुटले होते. पकडली पोरांनी! ताईंचा चेहरा उजळला. पण कुणीच ओरडलं नाही.

"नव्या बाई म्हणाल्या, तुम्ही आम्हाला फसवलंत," मुलगी म्हणाली. "खरंच?"

"अगं, तो खेळ होता," म्हणत ताईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. मुलगी फडकं छातीशी धरून मागे सरकली.