नळीतून पाहणारी बाई

इकडे सरका, दारात काय पाहुण्यासारखे उभे? फोनवर "येतो, येतो" म्हणता आणि चंद्रपूरवरून परस्पर निघून जाता. आज सापडलात तर बसा. चहा होईपर्यंत आमच्या शेजारणीबद्दल सांगते.

पोकळ वस्तू हातात आली की ती आधी उजेडाकडे धरून डोळा लावायची. चुलीची फुकणी, पाण्याचा पाइप, एकदा तर नातवाची पिपाणी. "आंधी पाह्य, मंग फुक," हे तिचं ठरलेलं.

खोड लागली कशी, ते ऐका. नवरा गेल्यावर पीकरक्षणाची एकनळी बंदूक तिने भांडून आपल्या नावावर करून घेतली होती. धानात रानडुकरं शिरली की हवेत बार काढायची. निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. एकदा बंदूक परत आली आणि त्याच संध्याकाळी डुकरं आली. हिने घाईत काडतूस भरलं, बार काढला. नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, ते हिला काय ठाऊक. नळी मध्येच फुगली, बेडूक गिळलेल्या सापासारखी. हात वाचला, एवढंच.

बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, फुगवटा ठोकून देतो, वरून कडं चढवतो, आठवडी बाजाराच्या आधी घेऊन जा. नवी नळी घालायची तर परवान्यावर चढवायला कलेक्टर ऑफिसातल्या साहेबाची मंजुरी लागेल, आणि हंगाम बंदुकीशिवाय काढावा लागेल.

तिचा दीर म्हणाला, "गुपचूप ठोकून घ्या, वैनी. कागद वर गेला तं परवानाच काढून घेतीन. बाईमाणसाले बंदूक कायले, म्हणतीन."

मीही शहाणपणा केला. "बाई, तुमच्या मालकाचा हात फिरलाय त्या नळीवर. तीच ठेवा."

"काऊन वो," ती म्हणाली, "त्याचा हात ठेवाले मी माहा देऊ?"

ऑफिसात सोबतीला मीच गेले. दिराचं खरं ठरत होतं. साहेब म्हणाले, "बाई, वय झालं तुमचं. जमाच करून टाका." तिने फुगलेली नळी टेबलावर ठेवली.

"साहेब, आंधी डोळा लावा."

त्यांनी लावला.

"हे लपवून मी बार काढत राह्यली असती, तं तुमाले समजलं असतं? खरं सांगाले आली, तं माह्याच हातातून घेता?"

साहेबांनी नळी खाली ठेवली आणि अर्ज ठेवून घेतला.

मंजुरी येईतो हंगाम गेला. ती मचाणावर बसून तेलाचा डबा बडवायची, घसा बसेपर्यंत डुकरांना शिव्या द्यायची. तरी एक बांधी, धानाचा अख्खा तुकडा, त्यांनी खाल्लीच. दीर शेताच्या कडेला धुऱ्यावर येऊन हळहळला.

"खाऊ द्या," ती म्हणाली. "दुसरी कापाले हात हायेत ना."

पुढच्या दसऱ्याला तिने नव्या नळीला झेंडूचं फूल वाहिलं आणि बंदूक दिरापुढे धरली. "भाऊजी, डोळा लावा. पलीकडचं दिसते का?" दिराने लावला.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. बंदूक ठाण्यात जमा झाली, ती आता कायमची. फुकणी तेवढी माझ्याकडे आली. चूल पेटवायच्या आधी मी ती खिडकीकडे धरते, तर पलीकडे तिचं शेत दिसतं, वाटोळं, हिरवं. यंदा ते मीच राखते आहे. धान भरत आलाय आणि डुकरांनाही खबर लागली आहे.

चहा प्या. पण कापणीच्या आत पुन्हा या, आणि राहायला या. बडवायला एक डबा तुमच्यासाठी काढून ठेवलाय.