आबांचं पोट

माय मरो, मावशी जगो, ही म्हण ज्याने कुणी केली त्याने माझी प्लावेचमावशी पाहिली असावी.

मावशी मनाने सरळ आणि तोंडाने फटकळ. अख्ख्या नदीकाठी तिच्याइतकी सुबक भूर्जाच्या सालीची होडी कुणी शिवत नसे आणि तिच्याइतकं कुणी भांडतही नसे. मला जन्म देऊन माझी आई गेली, तेव्हा गावात अंगावर पाजणारी एकही बाई नव्हती. मावशीने मला पाठीशी बांधलं आणि तडक खाडीपलीकडे गेली. तिथे समुद्रापारची पिवळ्या दाढ्यांची माणसं नुकतीच घरं बांधून राहिली होती. त्यांच्यातल्या आल्फडिसकडे गाय होती. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण रडणारं पोर दोघींना कळलं.

चार महिने मी त्या गाईवर पोसले. गावात मावशी सांगायची, माशांचं पाणी पाजते म्हणून. कारण आबांना, म्हणजे तिच्या बापाला, परक्यांशी सलगी खपत नसे, आणि गावात शब्द त्यांचाच चाले.

मग सॅमन मासे नदीत चढले. पाहुण्यांनी मैत्री म्हणून सगळ्या गावाला बोलावलं आणि पोटभर दूध पाजलं. दुपारी अख्खं गाव झुडपांत! एकेका झुडपासाठी भांडणं. आमच्या थोरांना दूध सोसत नाही, हे पाहुण्यांना ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

"विष घातलं मेल्यांनी!" आबा पोट धरून ओरडले. "आधी ती गाय मारा, मग त्यांना होड्यांत कोंबा."

मावशी मला घेऊन पुढे झाली. "गाय मेली तर ही मरेल, बाबा. चार महिने तेच विष पितेय. बघा, गाल कसे वर आलेत."

"म्हणजे चार महिने बापाशी खोटं बोललीस?"

"बोलले. पुढे?"

"ती तान्ही आहे. आमच्या पोटांचं काय?"

दूध मावशीलाही बाधलं होतं, चोरून चाखताना. पण विरजलेलं बाधलं नव्हतं. तिने आल्फडिसकडून घट्ट आंबट दही आणून आबांपुढे ठेवलं.

"हे खा. उन्हं कलेपर्यंत पोट बिघडलं, तर गाय मी मारीन. माझ्या हाताने."

आबांनी खाल्लं. गाव त्यांच्या पोटाकडे बघत बसलं. मधेच पोट गुरगुरलं. लोकांनी धनुष्यं उचलली. मावशीने मला इतकं आवळलं की मी भोकाड पसरलं. आबांनी लांबलचक ढेकर दिला.

"बघताय काय माझ्या तोंडाकडे? अजून आहे का ते?"

याला साठ वर्षं झाली. पाहुणे अजून खाडीपलीकडेच आहेत. त्यांच्या पोरी आमच्या सुना आहेत आणि आमच्याइतक्याच भांडतात. त्या दिवशी हाकलले असते, तर पुन्हा कधी आणि किती जण मिळून आले असते, कोण जाणे.

मी आठेक वर्षांची असताना आल्फडिसने लाडाने मला पेलाभर दूध दिलं. घर गाठायच्या आत मला झुडूप गाठावं लागलं. मावशी बाहेर उभी राहून हसत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"हसतेस काय गं?" मी आतून रडत ओरडले.

"इतकी वर्षं धास्ती होती गं मला, तू त्या गाईचीच राहतेस की काय," ती म्हणाली. "ये बाहेर. आमचीच निघालीस."