ठोक्याने शिकवलेलं मशीन

ठोक्या लाँड्रीत इस्त्रीवर होता. हॉटेलांच्या चादरी, दिवसाला तीनशे. हात इस्त्रीवर आणि पाय मात्र सारखा ताल धरून. मालक वैतागायचा, "अरे, पाय आवर! चादरी काय नाचणार आहेत?" बाकी माणूस म्हणजे गरीब गाय. आणि गरीब गाय दिसली की दावं घेऊन सगळेच धावतात.

धाकट्या भावाने गॉथिक रॉकचा बँड काढला, तेव्हा ड्रम वाजवायला ठोक्याच होता. धाकटा काजळ घालून खर्जात गायचा. गाण्यांत थडगी, धुकं आणि सोडून गेलेल्या बायका. सोडून जायला मुळात कोणी आलीच नव्हती, पण ते असो. बँडमधल्या चौघांचे कपडे लाँड्रीच्या टबात काळे रंगवून द्यायचा ठोक्या, आणि वर मालकाची बोलणीही तोच खायचा.

एकाही कॅसेट कंपनीने दारात उभं केलं नाही. मग ठरलं, कॅसेट आपली आपणच काढायची. पण एवढ्याशा खोलीत ड्रम वाजला की टेपवर दुसरं काही ऐकूच येईना. म्हणून धाकट्याने जुनं ड्रम मशीन पैदा केलं, एकदा ठोके भरले की आपोआप वाजवणारं. त्यात ठोके भरणार कोण? ठोक्या! तीन महिने, दुपारच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, बटणं दाबत बसला. त्याची एक खोड होती. चौथा ठोका तो किंचित उशिरा टाकायचा, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माणूस रेंगाळतो तसा. मशीनला ते जमेना. शेवटी त्याने ती खोडच काढून टाकली.

आई म्हणाली, "अरे बाबा, सगळं त्यालाच शिकवलंस तर तुला कोण विचारेल?"

"आई, त्याला कसली अक्कल? वाजवणारा मीच ना."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! कॅसेट हातोहात फिरली. शाळा-कॉलेजची पोरं काळे कपडे घालून हिंडायला लागली. पेपरात छापून आलं, 'ताल मढ्यासारखा थंड.' ही म्हणे स्तुती होती.

धाकटा आला, खुर्ची ओढून बसला. "दादा, वाईट वाटून घेऊ नकोस. तू वाजवताना घामाघूम होतोस. आपल्या गाण्यांत घाम शोभत नाही."

"मग मी काय करू?"

"सामानाचा टेम्पो चालव ना. आणि मशीनचं बटण दाबायला कोणीतरी लागेलच."

गरज सरो, वैद्य मरो. ठोक्याला फार लागलं. पण तो टेम्पो चालवायला लागला. बँड सोडला असता, तर उरल्या असत्या नुसत्या चादरी.

दोन वर्षांनी शहरातलं सगळ्यात मोठं सभागृह मिळालं. बाराशे तिकिटं संपली. आणि त्याच दुपारी मशीनने मान टाकली. धाकटा धावत आला. "दादा! तूच वाचव रे!" आणि त्याने चक्क मिठी मारली. ठोक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सभागृहाचाच ड्रम होता. तो पुढे ओढायला ठोक्या निघाला.

"तिकडे कुठे? पडद्यामागे बस. लोक मशीन ऐकायला आलेत."

मेलेलं मशीन मधोमध टेबलावर ठेवलं, मागे लाल दिवा लावला. ठोक्या काळ्या पडद्यामागे बसला. तरी खूश होता हो! वाजवायला मिळत होतं ना. पहिली तीन गाणी त्याने मशीनसारखीच वाजवली, केसाचा फरक नाही. चौथं गाणं त्याचं सगळ्यात लाडकं. हात सैल सुटले. चौथा ठोका जरासा रेंगाळला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. दोन वर्षांनी ठोक्या ठोक्यासारखा वाजवत होता.

"मशीन बिघडलं!" खालून कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या.

गाता गाता धाकटा थांबला. पडद्याकडे एकदा बघितलं. त्याला कळलं होतं, लहानपणापासून ऐकलेला ठोका तो. मग माइकवर हसत म्हणाला, "म्हातारं झालंय बिचारं. उद्याच भंगारात काढतो, नवीन आणू!"

बाराशे माणसं खो खो हसली.

पडद्यामागे ठोक्याने चौथा ठोका जागेवर आणला, आणि कार्यक्रम संपेपर्यंत एकदाही चुकला नाही.